पोटॅशियमचे सिरप आणि रिंगरचे बेडूक

रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, तर केमिस्टकडून पोटॅशियमचे सिरप आणून घेतले तर चालेल का, असे एका वाचकाने विचारले आहे. वय साठीच्या पुढे, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन सुरू. उत्तर आधीच देतो: रक्त तपासल्याशिवाय एक चमचाही घेऊ नका.

शरीरातले सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते. बाहेर, रक्त धरून, उरते जेमतेम ६०-७० मिलिइक्विव्हॅलंट. नेहमीच्या सिरपच्या १५ मिलिलिटरमध्ये असते २०. म्हणजे एका डोसात जवळपास तिसरा हिस्सा! धडधाकट माणसात पेशी त्यातले बरेचसे आत ओढून घेतात आणि जादाचे मूत्रपिंड लघवीवाटे बाहेर टाकते. मूत्रपिंड थकलेले असेल तर ते रक्तात साठते. टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन ही औषधेही पोटॅशियम बाहेर पडण्याचे प्रमाण कमी करतात. रक्तातली पातळी लिटरमागे ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट हवी. साडेसहाच्या वर गेली की हृदयाची लय कधीही बिघडू शकते, आणि बऱ्याचदा तोवर रुग्णाला काही जाणवलेलेही नसते.

पोटॅशियम आणि हृदयाचे हे नाते उलगडणारा सिडनी रिंगर हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमधला डॉक्टर. रुग्ण सांभाळून उरलेल्या वेळात तो बेडकाचे हृदय क्षारांच्या द्रावणात धडधडते ठेवण्याचे प्रयोग करी. १८८२ मध्ये त्याने निष्कर्ष छापले आणि पुढच्याच वर्षी ते स्वतःच दुरुस्त केले. कारण द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याचे नव्हतेच, न्यू रिव्हर कंपनीच्या नळाचे होते! शुद्ध पाणी वापरले तर हृदय मंदावून थांबे. नळाच्या पाण्यातले कॅल्शियम त्याला चालवत होते. पोटॅशियम वाढवले की हृदय सैल पडून थांबे, कॅल्शियम वाढले की आकसूनच राही. दोघांचे प्रमाण जमले तरच ठोका नीट पडे. आज पोटॅशियम धोकादायक वाढून ईसीजी बिघडलेला रुग्ण आला की डॉक्टर आधी कॅल्शियम ग्लुकोनेटचे इंजेक्शन शिरेतून देतात, ते याच नात्याच्या जोरावर. वॉर्डात ‘आरएल’ म्हणजे रिंगर लॅक्टेटची बाटली रोज लटकते, त्यातला ‘आर’ हाच रिंगर. एवढ्या माणसाला आपण एका अक्षरावर बोळवावे, याचे मला फार वाईट वाटते.

पोटॅशियम खरोखरच कमी झालेले असते तेव्हा मात्र पोटॅशियमचे औषध जीव वाचवते. लघवीच्या गोळ्या, दीर्घ जुलाब, उलट्या ही ते कमी होण्याची नेहमीची कारणे. डॉक्टरांनी लिहून दिले असेल तर सिरप कधीही तसेच पिऊ नका. ग्लासभर पाण्यात मिसळून, जेवणानंतर, घोट घोट घ्या. नाहीतर जठराच्या अस्तराला झोंबते. हळूहळू विरघळणारी गोळी फोडू नये, चावू नये. ती ग्लासभर पाण्याबरोबर बसून गिळावी आणि लगेच आडवे होऊ नये, कारण अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते. चुकलेला डोस पुढच्या वेळी दुप्पट करून भरून काढू नका. आणि पातळी वर येतच नसेल तर मॅग्नेशियम तपासायला सांगा. ते कमी असेल तर पोटॅशियम टिकत नाही.

लो-सोडियम मिठाकडेही लक्ष हवे, कारण त्यात पोटॅशियम क्लोराइडच असते. चीनमधल्या ६०० खेड्यांत, सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या अभ्यासात अशा मिठाने पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटल्याचे २०२१ मध्ये दिसले. निष्कर्ष मोलाचा आहे, पण मूत्रपिंडाचा गंभीर आजार असलेल्यांना त्या अभ्यासात घेतलेच नव्हते. अशा रुग्णांनी हे मीठ आणि पोटॅशियमने भरलेले रोजचे शहाळे, दोन्ही डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. सैंधव मात्र या हिशेबात नाही. ते जवळजवळ सगळे साधे मीठच असते.

पोटरीतल्या गोळ्यांना पोटॅशियमखेरीज इतर कारणेही पुष्कळ असतात. तेव्हा आधी सीरम क्रिएटिनिन आणि इलेक्ट्रोलाइट्स करून घ्या. दोन्ही तपासण्या साध्या लॅबमध्ये होतात आणि रिपोर्ट बहुधा त्याच दिवशी मिळतो.