लाकडी बैलाचा पोळा

बोरगाव मेघे वर्धा शहराला इतकं चिकटलंय की गावाची शीव शोधावी लागते. अशा वस्तीत पोळ्याला तोरणाखाली उभ्या करायला बैलजोड्या आणायच्या कुठून? पण वर्धा-नागपूरकडच्या शहरी वस्त्यांतही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी बैलांचा तान्हा पोळा भरतो. याला सगळे मुलांचा खेळ समजतात. मला मात्र वाटतं, मोठ्या पोळ्याने ज्यांना काठावर उभं केलं, त्यांना आत घेणारा सण तो हाच. मोठ्या पोळ्याची मांडणीच मानाची आहे. आदल्या दिवशी खांदेमळणी, मग झूल, शिंगांना बेगड, झडत्या म्हणजे पोळ्याची गाणी, आणि पोळा फुटताना, म्हणजे जोड्या तोरणाखालून सुटताना, आधी मालगुजाराची किंवा पाटलाची जोडी. 1951 साली मालगुजारी गेली, तरी या मानावरून होणारी भांडणं काही लगेच मिटली नाहीत. ज्याच्या गोठ्यात बैल नाही, तो मजूर बघ्याच. लाकडी बैलाला मात्र ना गोठा लागतो, ना सातबारा. चार चाकांवरचा वीतभर नंदी दोरीने ओढत कोणाचंही पोर कोणाच्याही दारात जातं, आणि घरधनीण नंदीला ओवाळून पोराच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, ठेवते.

यावर कोणी म्हणेल, हा तर राजाचा शौक. नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी मुलांसाठी ही प्रथा सुरू केली, अशी परंपरा सांगतात. असेलही; पण राजवाड्यातली प्रथा गल्लीबोळात रुजते ती लोकांना तिची गरज असते म्हणूनच. खरा आक्षेप दुसरा आहे: बैलच उरले नाहीत, मग लाकडाला पुजून काय साधणार? 2012 ते 2019 या दोन पशुगणनांच्या दरम्यान देशातले गायवर्गातले नर सुमारे 30 टक्क्यांनी घटले. ट्रॅक्टर आल्यावर हे होणारच होतं, आणि लाकडी नंदी त्याची भरपाई करत नाही, हे कबूल. पण सणाचं सगळं ओझं बैलावर टाकलं, तर बैलाबरोबर सणही जाईल. तान्ह्या पोळ्याने तो दारोदारच्या येण्याजाण्यावर उभा केला. मला धास्ती वाटते ती नंदीच्या सजावटीला मिळणाऱ्या बक्षिसांची. वर्धा जिल्ह्यातलंच सिंदी (रेल्वे) तान्ह्या पोळ्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे सजवलेले मोठमोठे नंदी पाहायला गर्दी लोटते. देखणेपणाला माझी ना नाही. मात्र नंदीच्या उंचीवरून घराची पत ठरू लागली, तर मालगुजाराचा मान मागच्या दाराने परत येईल. तूर्तास बोजारा देणारी बाई नंदीची उंची मोजत नाही.