जनरल रजिस्टर नंबर एक

दरवर्षी ३१ मेला महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत हारतुऱ्यांची झुंबड उडते. तलाठी, लिपिक, शिक्षक, शिपाई, सगळे एकाच दिवशी नारळ घेऊन घरी जातात. एक तारखेला जन्मलेल्या कर्मचाऱ्याने आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त व्हायचं असा नियम आहे, आणि खेड्यातून नोकरीत आलेल्या माझ्या पिढीत ज्याला विचारावं त्याची जन्मतारीख १ जून. माझीही तीच. ही तारीख ना आईबापांनी दिली, ना सटवाईने. ती गुरुजींनी दिली, आणि ज्या वहीत लिहिली तिचं नाव जनरल रजिस्टर नंबर एक.

निवृत्तीनंतर माण तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो, तेव्हा शाळेत जाऊन ती वही मुद्दाम पाहिली. मुख्याध्यापिका बाईंनी कपाट उघडलं, पोषण आहाराच्या डाळीचं पोतं बाजूला सरकवलं आणि खालच्या कप्प्यातून बासन काढलं. हाताच्या कोपरापर्यंत लांब, कापडी पाठीचं, कडा झुरळांनी कुरतडलेलं रजिस्टर. उघडलं की दोन्ही पानं मिळून एक आडवी ओळ आणि त्या ओळीत एक मूल: अनुक्रमांक, नाव, जात, पोटजात, जन्मस्थळ, जन्मतारीख आधी अंकी मग अक्षरी, दाखल झाल्याची तारीख, इयत्ता, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, कारण, शेरा. वर्तणुकीच्या रकान्यात वर्षानुवर्षं ‘चांगली’. आमच्यातला एक जण पुढे दोनदा तुरुंगात जाऊन आला, त्याचीही चांगलीच. प्रगती बहुतेकांची ‘बरी’.

वाचण्यासारखा रकाना मात्र ‘शाळा सोडल्याचे कारण’. चौथी पास. गाव सोडले. सतत गैरहजर. शेतकाम. मुलींच्या ओळी बघत गेलं तर ‘सतत गैरहजर’ फार भेटतं. त्यामागे लहान भावाला सांभाळणं होतं की लग्न, हे लिहायला रकाना नव्हता. आईच्या नावालाही नव्हता. आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव वडिलांच्या नावाआधी येतं. आमच्या रजिस्टरात आई कुठेच नाही, आणि गंमत म्हणजे सगळी माहिती तिनेच दिलेली.

ती कशी दिली, हे गुरुजींकडून ऐकावं. आमचे गुरुजी आता दहिवडीला मुलाकडे असतात. पंचाहत्तरी उलटली, ऐकू कमी येतं, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. पाया पडलो तर आधी माझं नाव नाही, माझ्या पुढच्या आणि मागच्या हजेरी नंबरची नावं घेतली, मग माझं.

“मे महिन्यात पटनोंदणीला घरोघर फिरायचो बघ,” ते म्हणाले. “पोर कधीचं, असं आईला विचारलं की ती सांगायची, शिंगणापूरच्या यात्रेच्या आदल्या दिवशीचं. साल कुठलं? तर म्हशीला रेडी झाली ते साल.” मग गुरुजी पोराला उभं करायचे. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की सहा वर्षं पूर्ण. शाळा उघडायची जूनमध्ये, म्हणून तारीख १ जून, आणि साल सहाने मागचं. दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, आले की वय नियमात बसलेलं दिसायचं.

“पण गुरुजी, माझी तारीख तर आईला माहीत होती.”

माझा जन्म कोयनेच्या भूकंपाच्या पहाटेचा, ११ डिसेंबर १९६७. आमच्या घरात ती तारीख कोणीच विसरणं शक्य नव्हतं. रजिस्टरात मात्र १ जून १९६७.

“मला सांगितलीवती की तिने,” गुरुजी हसले. “पण साल कुठलं होतं? त्र्याहत्तर. दुष्काळात अख्खं गाव खडी फोडायला जात होतं. तुझं वय साडेपाच लिहिलं असतं तर तुझं वर्ष गेलं असतं, आणि त्या वर्षभरात तू आईबरोबर खडीवर बसला असतास. एकदा पोर खडीवर बसलं की परत शाळेत येत नव्हतं रे.”

सात महिने आधी निवृत्त झालो म्हणून कुरकुरणारा मी, यावर काय बोलणार? गुरुजींची स्वतःची तारीखही १ जूनच. त्यांच्या गुरुजींनी घातलेली.

या वहीचं सगळ्यात प्रसिद्ध पान साताऱ्यात आहे. राजवाड्यातल्या ज्या शाळेला आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात, तिच्या रजिस्टरात १९१४ क्रमांकावर ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद आहे. प्रवेशाची तारीख ७ नोव्हेंबर १९००. २०१७ पासून राज्यात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. घराण्याचं आडनाव आंबडवे गावावरून आंबडवेकर. त्याऐवजी शाळेतल्या कृष्णाजी केशव आंबेडकर या गुरुजींनी आपलं आडनाव लावलं, ही आठवण खुद्द बाबासाहेबांनी सांगितलेली आहे. पुढे शिष्य गोलमेज परिषदेला निघाला तेव्हा याच गुरुजींनी त्याला पत्र पाठवलं, आणि बाबासाहेबांनी ते जपून ठेवलं. शिक्षकाच्या टाकाची ताकद किती, हे त्या एका ओळीवरून कळतं.

ताकद आहे म्हणूनच नियम कडक आहेत. हे रजिस्टर कायमचं जतन करायचं असतं, इतर वह्यांसारखं मुदत संपली म्हणून रद्दीत काढता येत नाही. मुलाने शाळा सोडल्यावर त्यातली नोंद सहजी बदलत नाही. सरकारी नोकराला जन्मतारीख दुरुस्त करून हवी असेल, तर नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांत अर्ज करावा लागतो. शाळेचा दाखला म्हणजे या ओळीची नक्कल, बाकी काही नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना मात्र जन्माचा दाखलाच सर्वत्र चालेल, शाळेच्या नोंदीची गरज पडणार नाही. म्हणजे गुरुजींनी तारीख घालण्याचा काळ आता कायद्यानेच संपला. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा वाड्या-वस्त्यांवर खऱ्या अर्थाने पोचायलाच इतकी वर्षं गेली, असं मी म्हणेन.

त्याच २०२३ मध्ये या जुन्या वह्यांना अचानक भाव आला. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि महसुली दप्तरांबरोबर शाळांची जुनी रजिस्टरंही बाहेर निघाली. मोडी वाचणाऱ्यांना बोलावणी गेली. जातीच्या दाखल्यासाठी लोक पणजोबांची ओळ शोधायला शाळेत येऊ लागले. काही ठिकाणी ओळ सापडली, काही ठिकाणी पानच नव्हतं, वाळवीने आधीच निकाल लावला होता. ‘सरल’ या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर मुलांची माहिती २०१५ पासून भरली जाऊ लागली, पण ती आजच्या मुलांची. पणजोबांची ओळ अजून कागदावरच आहे, आणि बहुतेक शाळांत त्या कागदाचं रक्षण गळक्या कौलांखालचं गंजकं कपाट करतं.

हल्ली दहावीच्या बॅचचे स्नेहमेळावे गावोगाव होतात. गुरुजींना फेटा बांधतात, शाल घालतात, आणि शाळेला काहीतरी भेट देतात. बहुधा स्वागत कमान, तिच्यावर बॅचचं साल मोठ्या अक्षरांत. कमानींना माझा विरोध नाही. पण यंदा वर्गणी काढाल तेव्हा आधी मुख्याध्यापकांना विचारून जनरल रजिस्टर कुठे ठेवलंय ते बघून या. एक चांगलं लोखंडी कपाट घ्या, जुन्या पानांची स्कॅन प्रत काढून शाळा व्यवस्थापन समितीच्या ताब्यात द्या, मोडीतली पानं असतील तर मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या. आणि ज्यांनी ती ओळ लिहिली ते गुरुजी हयात असतील, तर मेळाव्याची वाट न बघता आधी त्यांच्या घरी जाऊन या.