सब्राचा डाव : नोदिरबेक अब्दुसत्तोरोव

मोहरी थोडी उरली आणि डाव बरोबरीकडे झुकला, की पुष्कळ खेळाडू हात मिळवून मोकळे होतात. उझबेकिस्तानचा ग्रँडमास्टर नोदिरबेक अब्दुसत्तोरोव याचा खरा खेळ आम्हाला तिथून पुढे दिसतो. चमकदार हल्ल्यापेक्षा अचूक हिशेब आणि शेवटपर्यंत न सुटणारा सब्र, हे त्याचे बळ.

18 सप्टेंबर 2004 रोजी ताश्कंदमध्ये जन्मलेल्या या मुलाने नऊ वर्षांचा असताना एकाच स्पर्धेत दोन ग्रँडमास्टरना हरवले. तेराव्या वर्षी तो स्वतः ग्रँडमास्टर झाला. डिसेंबर 2021 मध्ये वॉर्सा येथे जागतिक रॅपिड स्पर्धेत त्याने मॅग्नस कार्लसनला नमवले आणि टायब्रेकमध्ये नेपोम्नियाशीला हरवून विजेतेपद मिळवले. तेव्हा तो 17 वर्षांचा होता.

आपल्याकडच्या लोकांनी त्याला जवळून पाहिले ते 2022 मध्ये, चेन्नईजवळच्या मामल्लापुरम येथील ऑलिम्पियाडमध्ये. दहाव्या फेरीत समोर गुकेश होता, तोवर एकही डाव न हरलेला. गुकेशची बाजू वरचढ होती, पण नोदिरबेक चिवटपणे टिकून राहिला. गुकेशने जिंकण्यासाठी जोर लावला, वेळेच्या ताणात त्याची चूक झाली आणि डाव फिरला. पुढे सांघिक सुवर्णपदक उझबेकिस्तानला मिळाले.

पण सब्राची खरी परीक्षा जिंकताना होत नाही. जानेवारी 2023 मध्ये नेदरलँड्समधील वाइक आन झी येथे तो शेवटच्या फेरीपर्यंत आघाडीवर होता. नेमका तोच डाव हरला आणि विजेतेपद अनिश गिरीकडे गेले. 2024 मध्ये त्याच स्पर्धेत चौघे बरोबरीत आले, प्लेऑफमध्ये तो पुन्हा मागे पडला. दोनदा तोंडचा घास गेला. तरी त्याच वर्षी मार्चमध्ये त्याने प्रागची मास्टर्स स्पर्धा जिंकून दाखवली.

हा एकट्याचा चमत्कार नाही. मामल्लापुरमच्या त्याच संघातील जवोखिर सिंदारोव याने नोव्हेंबर 2025 मध्ये गोव्यात विश्वचषक जिंकला.

आपल्या घरांत शतरंजबद्दल दोन मते असतात. पैज लावून खेळणे हरामच. खेळाच्या नादात नमाज चुकणे, अभ्यास बुडणे, ही आईवडिलांची काळजीही रास्त आहे. त्या मर्यादा पाळून मूल खेळत असेल, तर आम्ही एवढेच सुचवू : संध्याकाळी ते घरी आले की ‘जिंकलास का?’ हा प्रश्न मागे ठेवावा. हरलेल्या डावाच्या खेळ्या वहीत लिहिल्या आहेत का आणि नेमके कुठे चुकले, हे त्याच्याशेजारी बसून विचारावे. हार उघडून पाहण्याची ही सवय लागली, तर ती उद्या गणिताच्या पेपरातही कामाला येईल.