बंदिस्त घटातील क्षणांचे छायाचित्रण

धावत्या घोड्याचे चारही पाय एखाद्या क्षणी अधांतरी असतात, हे एडवर्ड मायब्रिज यांनी १८७८ साली कॅलिफोर्नियात घेतलेल्या छायाचित्रांनी सिद्ध झाले. जे डोळ्यांना टिपता आले नाही, ते कॅमेऱ्याने टिपले. परंतु धातूच्या आवरणाआड घडणारी घटना साध्या प्रकाशाने दिसत नाही. १८९५ साली रंटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावल्यावर अपारदर्शक वस्तूच्या अंतरंगात डोकावणे शक्य झाले. तथापि, निमिषार्धात उरकणारी घटना टिपावयाची, तर प्रत्येक चित्राला अत्यल्प वेळ मिळतो आणि त्यासाठी किरणांचा झोत अतिशय प्रखर असावा लागतो.

असा झोत सिंक्रोट्रॉन या यंत्रातून मिळतो. त्यात जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा मार्ग चुंबकांनी वळविला जातो आणि त्या वळणावर क्ष-किरण बाहेर पडतात. फ्रान्समधील ग्रेनोबल येथील अशा यंत्राच्या वर्तुळाचा परीघ ८४४ मीटर आहे. वस्तूतून आरपार गेलेले किरण विशिष्ट स्फटिकावर पडून दृश्य प्रकाशात रूपांतरित होतात व शीघ्रगती कॅमेरा त्याची चित्रे घेतो.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह ग्रेनोबल येथे केलेला प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. बाजारात मिळणारे लिथियम-आयन घट त्यांनी मुद्दाम तापविले. आतील थरांमधील पडदा उष्णतेने निकामी झाला की घटात विद्युतमंडल आखूड होते, उष्णता वाढते आणि ती पुढील रासायनिक क्रियांना चेतविते. एका घटाच्या गाभ्यात आधारनळी होती. भडका उडेपर्यंत त्याची रचना बव्हंशी टिकली. नंतर मात्र आतील तांबेही वितळलेले आढळले. तांबे सुमारे १,०८५ अंश सेल्सिअसला वितळते, यावरून आतील उष्णतेची कल्पना यावी. आधार नसलेल्या घटाचा गाभा आधीच ढासळला, त्याचे टोपण उडाले व आतील द्रव्य बाहेर फेकले गेले.

दुर्घटनेनंतर उरलेल्या राखेवरून जे केवळ तर्काने सांगावे लागे, ते आता क्रमवार पाहता येते. आपल्या देशातही इंदूर येथे ‘इंडस-२’ हा सिंक्रोट्रॉन कार्यरत आहे. विजेवर चालणारी वाहने गावोगावी पोहोचत असताना या ज्ञानाचे मोल विशेष आहे. घट सुरक्षित बनविणे हे कारखान्याचे काम होय. परंतु फुगलेली वा चेपलेली बॅटरी प्रभारित न करण्याची दक्षता मात्र प्रत्येकाने घ्यावयास हवी.