दंडात न चढणारा बाजूबंद

पांढऱ्या शंखाचा एक बाजूबंद डोळ्यांसमोर आणा. घासून चकचकीत केलेला, पण इतका अरुंद की लहान पोराच्याही दंडात चढू नये. असा बाजूबंद मिळवायला तुम्ही शिडाच्या होडीतून भर समुद्र ओलांडाल? आणि मिळाला की काही काळाने दुसऱ्याला देऊनही टाकाल?

न्यू गिनीच्या पूर्वेकडच्या ट्रोब्रिअंड बेटांवरचे लोक नेमकं हेच करत. पहिलं महायुद्ध चालू असताना पोलिश मानवशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की तिथल्या गावात तंबू ठोकून राहिले, लोकांची भाषा शिकले आणि १९२२ साली त्यांनी हा प्रकार जगापुढे मांडला. त्याचं नाव 'कुला'.

त्याची रचना तर बघा! बेटांचं एक भलंमोठं कडं. त्यावरून लाल शिंपल्यांचे हार घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात आणि बाजूबंद बरोबर उलट. हार मिळाला की परतफेड बाजूबंदानेच. तीही सवडीने आणि तोलामोलाची. यात घासाघीस करणं लाजिरवाणं. नामांकित दागिन्यांना स्वतःची नावं असतात, ते कोणाकोणाच्या हातून आले हे लोक रंगवून सांगतात. आणि हे कडं कोणी बसून आखलेलंच नव्हतं. ज्याला त्याला फक्त आपापले भागीदार ठाऊक. शेकडो मैलांचं अख्खं वर्तुळ कोणाच्याच डोक्यात नव्हतं, तरी ते फिरत होतं!

पण कशासाठी?

'ही प्रथा आली कुठून?' याचे तर्क लढवत बसण्यापेक्षा मालिनोव्स्कींनी विचारलं, 'आज ती काय काम करते?' हृदय समजून घ्यायला ते शरीरात रक्त कसं खेळवतं ते पाहावं लागतं ना, तसंच. समाजाकडे असं बघण्याला म्हणतात कार्यवाद.

मग त्या होडीत डोकावू. तिच्यात लाकडी भांडी, टोपल्या, फण्या असा मालही असायचा. पलीकडच्या बेटावर उतरलं की त्याची खुशाल घासाघीस चाले. फक्त आपल्या कुला-भागीदाराशी नाही. तो आयुष्यभराचा सोबती. परक्या, धास्तीच्या किनाऱ्यावर तोच यजमान, तोच पाठीराखा. आपल्याकडची आहेराची वही आठवा. त्यातल्या आकड्यांपेक्षा 'यांच्याकडे आपलं जाणं-येणं आहे' हीच नोंद मोलाची. बाजूबंद कोणाच्या दंडात चढत नव्हता, पण बेटाला बेट बांधत होता.

एकदा ही नजर आली की सगळीकडे चमत्कार दिसू लागतात. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १८९३ सालीच सांगितलं होतं, की शिक्षेचा खरा परिणाम गुन्हेगारापेक्षा सरळमार्गी माणसांवर होतो. गुन्ह्याने सगळे मिळून संतापतात आणि 'हे आपल्यात चालत नाही' हे बंधन ताजं होतं. अमेरिकेतल्या होपी लोकांच्या पाऊस मागण्याच्या विधींचं उदाहरण समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४९ साली दिलं. ढग येवोत न येवोत, पांगलेली माणसं एकत्र येतात! पाऊस मागणं हे प्रकट कार्य. माणसं जोडणं हे अप्रकट.

मग जे जे टिकलं ते सगळं चांगलंच म्हणायचं का? मर्टन यांनीच बजावलं: प्रथांची अपकार्यंही असतात, आणि एकाची सोय ती दुसऱ्याचा जाच असू शकते. अस्पृश्यतेमुळे कोणाची उतरंड शाबूत राहिली हे बघायचं, तर १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचं ओंजळभर पाणी पिण्यासाठी ज्यांना सत्याग्रह करावा लागला, त्यांच्या बाजूनेही बघायला हवं.

तेव्हा पुढच्या वेळी जत्रेत किंवा लग्नघरात एखादी बिनकामाची वाटणारी रीत दिसली, की क्षणभर थांबा. 'ही काय काम करते?' असं विचारा, आणि लगेच पुढे, 'कोणाचं?'