शहाणे तोफगोळे, परके डोळे

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या सरकारने भारताला २१६ ‘एक्सकॅलिबर’ तोफगोळे विकण्यास संमती दिली. व्यवहाराची अंदाजी किंमत ४ कोटी ७१ लाख डॉलर सांगण्यात आली. तीत गोळ्यांबरोबरची उपकरणे आणि तांत्रिक साहाय्य यांचाही समावेश आहे, हे खरे. तरीही कोणीही हिशेबी गृहस्थ सरळ भागाकार करील आणि एका गोळ्यामागे दोन लाखांहून अधिक डॉलर पडतात हे पाहून चकित होईल. असा गोळा हवाच कशाला, असे विचारणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. गोळा हवा. आमचा आक्षेप निराळा आहे.

साधा १५५ मिलिमीटरचा गोळा एकदा नळीतून सुटला की तो वाऱ्याच्या, हवेच्या घनतेच्या आणि दारूच्या उष्णतेच्या स्वाधीन होतो. दूरच्या पल्ल्यावर तो लक्ष्यापासून शेदोनशे मीटर बाजूला पडला, तरी तोफचीला दोष देता येत नाही. म्हणूनच एक खंदक फोडण्यासाठी डझनावारी गोळे ओतावे लागतात. १९९९ च्या कारगिल युद्धात आपल्या तोफखान्याने सुमारे अडीच लाख गोळे व अग्निबाण डागले. एवढा दारूगोळा डोंगरवाटेने वर चढवणे म्हणजे काय, याची कल्पना ज्यांनी ती वाट पाहिली आहे त्यांनाच येईल. एक्सकॅलिबर उपग्रहांच्या संकेतांवरून आपला मार्ग वाटेतच सुधारतो, चाळीस किलोमीटरवरील लक्ष्याच्या चार-पाच मीटरांत उतरतो, आणि डोंगराच्या पलीकडच्या उतारावर लपलेल्या ठाण्यावर जवळजवळ उभा कोसळतो. ठाण्यालगत वस्ती असेल तर ती वाचण्याची शक्यता वाढते, हेही काही थोडे नव्हे.

परंतु ते उपग्रह कोणाचे? अमेरिकेचे. आणि शत्रूने त्यांचे संकेत दाबून टाकले तर? युक्रेनमध्ये नेमके हेच घडले. रशियनांच्या जॅमिंगपुढे याच एक्सकॅलिबरची अचूकता इतकी घसरली की, युक्रेनच्या तोफखान्याला त्यावरचा भरवसा कमी करावा लागला. कारगिलनंतर आपण रशियाकडून घेतलेला ‘क्रास्नोपोल’ गोळा लेसर किरणाच्या मागाने जातो. त्याला उपग्रह लागत नाहीत, पण लक्ष्यावर किरण रोखून बसणारा माणूस आणि निरभ्र दृष्टी लागते. काश्मीरच्या धुक्यात ती मागून मिळत नाही.

खरे दुखणे मात्र जुने आहे. १९८६ मध्ये ४१० बोफोर्स तोफांचा करार झाला, १९८७ मध्ये स्वीडिश रेडिओने लाचेचा आरोप प्रसिद्ध केला, आणि पुढची तीस वर्षे १५५ मिलिमीटरची एकही नवी परदेशी तोफ आपल्या सैन्यात आली नाही. दुधाने तोंड पोळलेले सरकार ताकही फुंकून पिऊ लागले. संशय कागदपत्रांविषयी होता, पोलादाविषयी नव्हता. कारगिलच्या शिखरांवर तीच तोफ उपयोगी पडली. अखेर मे २०१७ मध्ये १४५ पैकी पहिल्या दोन ‘एम-७७७’ तोफा भारतात उतरल्या. त्याच वर्षी महालेखापरीक्षकांनी दाखवून दिले की, सप्टेंबर २०१६ मध्ये दारूगोळ्याच्या १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकारांचा साठा युद्धाच्या दहा दिवसांनाही पुरला नसता. नियम चाळीस दिवसांचा होता! २०१९ मध्ये बालाकोटनंतर तातडीच्या अधिकारांतून एक्सकॅलिबर प्रथम घेतले गेले. तहान लागल्यावर विहीर खणण्याची ही रीत आहे, आणि विहीर तेवढी दुसऱ्याच्या अंगणात.

आपल्या अंगणात काही नाही, असे मात्र नाही. पुण्याच्या पाषाणमधील संशोधन संस्थेने आराखडा केलेल्या ‘अटॅग्स’ या ३०७ तोफांची सुमारे ६,९०० कोटी रुपयांची मागणी मार्च २०२५ मध्ये नोंदवण्यात आली. तीतील मोठा वाटा पुण्याच्याच भारत फोर्जकडे आला. शस्त्रकारखान्यांच्या २०२१ मधील पुनर्रचनेतून निघालेल्या म्युनिशन्स इंडिया कंपनीचे मुख्यालयही पुण्यात आहे. खडकी, भंडारा, चंद्रपूर ही नावे आमच्या वाचकांना अनोळखी नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याच्या कारखान्यात झालेल्या स्फोटात कामगारांचे प्राण गेले, तेही ते विसरले नसतील. त्याच महिन्यात या कंपनीने मद्रास आयआयटीबरोबर स्वदेशी मार्गदर्शित गोळ्याचे काम हाती घेतल्याचे जाहीर झाले. दहा मीटरांच्या अचूकतेचे ध्येय आहे, आणि तो ‘नाविक’ या भारतीय उपग्रहमालेच्या संकेतांवर चालावयाचा आहे.

या गोळ्याला आज हवी आहे ती अनेक वर्षांची निश्चित मागणी. दोनशे गोळ्यांच्या फुटकळ खरेदीवर कोणताही कारखाना यंत्रे बसवीत नाही. संकेत तुटल्यावरही दिशा न सोडणारी अंतर्गत यंत्रणा त्यात असली पाहिजे, आणि साध्याच गोळ्याच्या टोकाला बसणारा मार्गसुधारक फ्यूजही स्वस्तात तयार झाला पाहिजे; कारण प्रत्येक लक्ष्य महाग गोळ्याच्या लायकीचे नसते. पण नाविकचे काय? तिच्या कित्येक उपग्रहांची आण्विक घड्याळे निकामी झाली, आणि जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला ‘एनव्हीएस-०२’ ठरलेल्या कक्षेत पोहोचलाच नाही. संरक्षण खात्याच्या मागण्या संसदेत येतील तेव्हा सभासदांनी एवढेच विचारावे: स्वदेशी गोळ्याच्या चाचण्या कोणत्या वर्षी पुऱ्या होणार, आणि त्या वर्षी आकाशात आपले किती उपग्रह कामाचे असतील?