माळ्यावरचा व्हिडिओ गेम भंगारात देण्याआधी त्याचा अडॅप्टर बघा

ईदच्या आधी घराची साफसफाई निघाली की माळ्यावरून काय काय खाली येतं! त्यातच कधी जुना टीव्ही व्हिडिओ गेम निघतो. अब्बांच्या नाहीतर चाचूंच्या लहानपणचा. मुलं हरखून जातात. पण डब्यात गेम असतो, रिमोट असतात, कॅसेट असते. अडॅप्टर मात्र हरवलेला असतो. मग कुणीतरी सेट-टॉप बॉक्सचा किंवा वायफायचा अडॅप्टर काढून लावतो. पिन अगदी बरोबर बसते. क्षणभर दिवा लागतो, जळका वास येतो आणि सगळं शांत. अम्मी म्हणते, ‘जुनाट झालं होतं, दे भंगारवाल्याला.’

जुनाट झालं म्हणून ते बिघडलं नाही, चुकीच्या विजेमुळे बिघडलं. औंढ्यासारख्या गावात दुरुस्तीला हिंगोलीला किंवा नांदेडला जावं लागतं. जाण्यायेण्याचं भाडंच गेमच्या किमतीपेक्षा जास्त होतं, म्हणून हे घरीच समजून घेतलेलं बरं.

आपल्याकडे घरोघरी जे ‘टीव्ही गेम’ आले, त्यातले बहुतेक निन्टेंडो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉमची नक्कल होते. मूळ फॅमिकॉम १९८३ साली जपानमध्ये आला. त्याचा अडॅप्टर १० व्होल्ट डीसी, ८५० मिलिअँपिअरचा. आपल्याकडच्या नकलांना साधारण ९ व्होल्टचा अडॅप्टर मिळायचा. गंमत अशी की आतल्या चिपला फक्त ५ व्होल्ट लागतात. उरलेले व्होल्ट ७८०५ नावाचा तीन पायांचा एक छोटा रेग्युलेटर गिळतो आणि त्यांची उष्णता करून टाकतो. समजा गेम अर्धा अँपिअर करंट ओढतोय. ९ व्होल्ट दिले तर रेग्युलेटरवर चार गुणिले अर्धा, म्हणजे २ वॅट उष्णता पडते. १२ व्होल्टचा अडॅप्टर लावला तर साडेतीन वॅट. त्याच्या पाठीला लावलेला ॲल्युमिनियमचा पत्रा एवढासाच असतो. तो तापतो, रेग्युलेटर दमतो, आणि तासाभराने गेम आपोआप अडकायला लागतो.

अँपिअरच्या बाबतीत मात्र लोक उगाच घाबरतात. ‘गेमला ५०० मिलिअँपिअर लागतात, अडॅप्टर १ अँपिअरचा आहे, जळेल का?’ असं आम्हाला दहावीची मुलंही विचारतात. नाही जळणार. यंत्र त्याला लागतो तेवढाच करंट ओढतं. नळ मोठा असला म्हणून कुणी जास्त पाणी पीत नाही. व्होल्ट म्हणजे पाण्याचा दाब, तो मात्र नेमका हवा.

तिसरी गोष्ट सर्वांत घातकी आणि तिच्याकडेच कुणी बघत नाही. अडॅप्टरच्या लेबलवर एक छोटं चित्र असतं: मधे टिंब, भोवती अर्धगोल, दोन्ही टोकांना अधिक-उणे. वायफाय आणि सेट-टॉप बॉक्सच्या अडॅप्टरमध्ये पिनच्या आतली बाजू सहसा ‘अधिक’ असते. फॅमिकॉमच्या घराण्यात आतली बाजू ‘उणे’. म्हणजे पिन जुळली तरी वीज उलटी जाते. काही गेममध्ये आत डायोड असतो, तो उलटी वीज अडवतो. स्वस्त नकलांत तो असेलच असं नाही. सेगाच्या मेगा ड्राइव्हचं तर आणखी वेगळं: पहिल्या मॉडेलला आत उणे, दुसऱ्याला आत अधिक. म्हणून गेमवरचं चित्र आणि अडॅप्टरवरचं चित्र शेजारी धरून बघा. दोन्ही सारखी नसतील तर लावूच नका. गेमवर चित्रच नसेल तर मीटर असलेल्या माणसाकडून आधी तपासून घ्या.

परदेशात नातेवाईक असलेल्या घरांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. सौदी किंवा दुबईहून आणलेल्या वस्तूंना सहसा अडचण येत नाही, पण तरी लेबल वाचा. अमेरिकेहून कुणी जुना निन्टेंडो आणला तर त्याचा अडॅप्टर १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टमध्ये थेट लावला की संपला. शिवाय तो अडॅप्टर डीसी नाही, ९ व्होल्ट एसी देतो. अमेरिकन निन्टेंडोला ते चालतं, कारण एसीचं डीसी करायची सोय त्याच्या पोटातच आहे. तोच अडॅप्टर आपल्या टीव्ही गेमला लावला तर गेम गेलाच समजा.

जुने अडॅप्टर जड असायचे, आठवतं? आत तांब्याच्या तारांचा ट्रान्सफॉर्मर. घरातली वीज कमी झाली की तोही त्याच प्रमाणात कमी देतो. संध्याकाळी २३० ऐवजी १७० व्होल्ट आले की ९ चे साडेसहाच्या आसपास होतात. ७८०५ ला निदान ७ लागतात. पडद्यावर लाटा येतात, मारियो उडी मारता मारता गेम पुन्हा सुरुवातीला जातो, आणि मार मात्र मुलांनाच बसतो! आज नवा घ्यायचा तर ‘१०० ते २४० व्होल्ट’ लिहिलेला हलका अडॅप्टर घ्या, म्हणजे वीज कमीजास्त झाली तरी तो ९ व्होल्ट देत राहतो. फक्त आत उणे असलेला मागून घ्या.

आता कॅसेट. तिचं खरं नाव कार्ट्रिज. आत फीत नसते, सर्किट असतं. आपल्याकडच्या कॅसेटला ६० पिना, अमेरिकन निन्टेंडोच्या कॅसेटला ७२, मेगा ड्राइव्हच्या कॅसेटला ६४. जोर लावून बसवली की खाचेतल्या पिना वाकतात. आणि ते ‘९९९९९९ इन १’? आत मोजकेच गेम असतात. तेच गेम वेगळ्या नावाने, वेगळ्या लेव्हलपासून सुरू होतात. सुपर मारिओ ब्रदर्सचा मूळ गेम अवघ्या ४० किलोबाइटचा आहे. आज मोबाइलवरचा एक फोटो त्यापेक्षा कितीतरी मोठा. कॅसेट चालली नाही की फुंकर मारायची आपली सवय सोडा; फुंकरीतल्या ओलाव्याने पिना गंजतात. वही खोडायच्या रबराने हलकेच घासा, नाहीतर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कानकाडीने पुसा आणि वाळू द्या. कॅसेट काढताना-घालताना स्विच बंद हवा.

आणि ‘मुस्तफा’? ज्यांनी ईदीचे पैसे व्हिडिओ गेमच्या दुकानात उडवले, त्यांना हा प्रश्न पडणारच. पिवळ्या टोपीतला तो गडी ज्यात होता, तो गेम म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. पोरांनी आपल्यातलं नाव पाहिलं आणि गेमचं बारसंच करून टाकलं! घरच्या कॅसेटमध्ये तो अधिकृतपणे कधी आलाच नाही. दुकानातल्या मशीनमध्ये कॅसेट नाही, मोठा बोर्ड असायचा. १९८५ साली जपानमध्ये जामा नावाचं मानक ठरलं. ५६ टोकांचा एकच कनेक्टर, त्यामुळे जुना बोर्ड काढून नवा लावला की तीच पेटी नवा गेम दाखवते. तिथला वीजपुरवठाही वेगळा: अधिक ५, अधिक १२ आणि काही बोर्डांना उणे ५ व्होल्ट. ५ चे साडेचार झाले तरी गेम मधेच बंद पडतो. मूळ ‘मुस्तफा’च्या बोर्डावर एक छोटी बॅटरीही असते, ती संपली की बोर्ड नीट चालत नाही. निओ जिओ हा १९९० चा प्रकार मात्र दुकानात असूनही कॅसेटवर चालायचा. तरी त्याची दुकानातली कॅसेट घरच्या निओ जिओत बसत नाही, गेम एकच असला तरी.

अशी जुनी पेटी कुणाच्या गोदामात मिळालीच तर मुलांना मागचं झाकण उघडू देऊ नका. काचेच्या पिक्चर ट्यूबवर हजारो व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही काही काळ ते तिथे राहतात. ते काम जुने टीव्ही दुरुस्त केलेल्या मेकॅनिकचं.